ठरावीक अक्षरांचे इंग्रजी शब्द

अर्थ, उच्चार व व्युत्पत्ती बाजूला ठेवून केवळ रोमन अक्षरे आणि त्यांची संख्या यांवरून पाडलेले इंग्रजी शब्दांचे गट. ‘एम’ने सुरू होणारे आठ अक्षरी शब्द, ‘यू’विना ‘क्यू’ असलेले शब्द, एकही अक्षर दोनदा न येणारे शब्द हे असे काही गट. शब्दकोडी, स्क्रॅबल (अक्षरांच्या सोंगट्या जुळवून शब्द रचण्याचा खेळ), वर्डल (पाच अक्षरी गुप्त शब्द ओळखण्याचा खेळ), गुप्तलेखनाची उकल व शाळेतला स्पेलिंगचा सराव यांत त्यांचा उपयोग होतो. प्रस्तुत नोंदीत शक्यतो कोल्हापूर परिसरातील नावे उदाहरणादाखल घेतली आहेत.

अक्षराची मोजणी : मराठीत ‘पाच अक्षरी शब्द’ म्हटले की घोटाळा सुरू होतो. कोल्हापूर हे नाव रोमन लिपीत के, ओ, एल, एच, ए, पी, यू, आर अशा आठ अक्षरांचे आहे आणि त्यांतले एकही पुन्हा येत नाही. देवनागरीत मात्र को, ल्हा, पू, र ही चारच अक्षरे होतात. संगणकात युनिकोडप्रमाणे साठवताना तेच नाव नऊ चिन्हांचे बनते : पाच व्यंजने, तीन स्वरचिन्हे आणि ‘ल्ह’मधला हलन्त. उच्चारातले वर्ण मोजावेत, तर ते आठ भरतात; ‘ल्ह’ हा एकच महाप्राण वर्ण मानला, तर सात. ‘ल्ह’, ‘न्ह’, ‘म्ह’ ही जोडाक्षरे की स्वतंत्र वर्ण, याविषयी वैयाकरणांत एकमत नाही. छंदःशास्त्राचा पुरावा दुसऱ्या मताकडे झुकतो. जोडाक्षराच्या आघाताने आधीचे ऱ्हस्व अक्षर गुरू होते. पण ‘तुम्ही’, ‘उन्हाळा’ यांतली पहिली अक्षरे लघूच राहतात. ‘पन्हाळा’ शब्दातला ‘प’ही लघूच म्हटला जातो. ‘कोल्हापूर’ला ही कसोटी लावता येत नाही, कारण ‘को’ मुळातच गुरू आहे.

रोमन अक्षर हे लेखनातले चिन्ह आहे, मराठी अक्षर हे उच्चाराचे एकक. वर्डलसारखा खेळ देवनागरीत रचताना ‘पू’ बरोबर पण ‘पु’ चूक की अर्धे बरोबर, हे रचणाऱ्याला आधी ठरवावे लागते. इंग्रजीत हा प्रश्न उद्भवत नाही.

काही गट : कोल्हापूर नावाच्या रोमन अक्षरांतून पोलर, पोल्का, आवर, लार्क, ओक्रा (भेंडी) असे अनेक इंग्रजी शब्द निघतात. हॉल (ओढणे) आणि हुला (एक नृत्यप्रकार) या दोहोंची अक्षरे वर्णानुक्रमे लावली, तर दोन्ही वेळा ए, एच, एल, यू हाच क्रम मिळतो. अक्षरे अशी क्रमाने लावून शब्द पाठ करणे, ही स्क्रॅबलच्या मुरलेल्या खेळाडूंची नेहमीची रीत आहे. एकही अक्षर पुन्हा न येणाऱ्या शब्दांत ‘अनकॉपीराइटेबल’ हा पंधरा अक्षरी शब्द नेहमी दाखवला जातो. ‘ऱ्हिदम’ सहा अक्षरांचा असून त्यात पाच रूढ स्वराक्षरांपैकी एकही नाही.

‘मंगूस’ हा शब्दही कोल्हापूरप्रमाणे आठ अक्षरी, पण त्यात ‘ओ’ तीनदा येतो. तो मराठी ‘मुंगूस’वरून आला, याबद्दल कोशकारांत फारसा वाद नाही, पोर्तुगीजमार्गे आला असावा, असेही मानतात. खुद्द मराठीत हा शब्द कुठून आला, हे तितके स्पष्ट नाही. कानडी व तेलुगूतील जवळची रूपे पाहता तो द्राविडी कुळातला असणे अधिक संभवते. ‘यू’विना ‘क्यू’ येणाऱ्या शब्दांपैकी बरेचसे अरबीतून आले आहेत. त्यांतले फकीर, बुरखा व कव्वाली मराठीतही रुळले. मात्र अरबीतला तो खास ‘क’ देवनागरीत साध्या ‘क’मध्ये किंवा ‘ख’मध्ये मिसळून गेला. रोमन लिपीने तो ‘क्यू’च्या रूपात जपला आहे.

इतिहास : अक्षरांची वारंवारता मोजून गुप्त मजकूर उलगडण्याची पद्धत नवव्या शतकात अरब विद्वान अल्-किंदीने मांडली. इंग्रजीत ‘ई’ सर्वाधिक येते, हे एकोणिसाव्या शतकात तारायंत्राच्या मोर्स लिपीसाठी छापखान्यातले खिळे मोजून ताडले गेले. हे काम मोर्सचे की त्याचा सहकारी आल्फ्रेड व्हेल याचे, हा वाद जुना आहे. व्हेलची बाजू अधिक पटण्याजोगी वाटते. मोर्सच्या लिपीत ‘ई’ला एकच टिंब आहे. आर्थर विन याचे शब्दकोडे 21 डिसेंबर 1913 रोजी न्यूयॉर्क वर्ल्ड या वृत्तपत्रात छापले गेले. आल्फ्रेड बट्स याने 1930 च्या दशकात वृत्तपत्रांतील अक्षरे मोजून स्क्रॅबलची विभागणी ठरवली : शंभर सोंगट्यांत ‘ई’च्या बारा, तर ‘क्यू’ व ‘झेड’ची प्रत्येकी एक, दहा गुणांची. वर्डल 2021 चा. परंतु पाच अक्षरी शब्द ओळखण्याचा जोटो हा खेळ 1955 पासून होता.

भारतीय परंपरा : अक्षरांचे बंधन घालून रचना करणे आपल्याकडे नवे नाही. संस्कृत लेखक दंडीच्या दशकुमारचरितात ओठ दुखावलेला मंत्रगुप्त आपली कथा ओष्ठ्य (ओठांनी उच्चारले जाणारे) वर्ण टाळून सांगतो. पन्हाळ्यावर जन्मलेल्या मोरोपंतांनी (1729–94) परंपरेप्रमाणे 108 रामायणे रचली. त्यांत एक निरोष्ठ आहे. प, फ, ब, भ, म वर्ज्य केल्यावर ‘राम’ हे नावच उच्चारता येत नाही, आणि तरीही रामकथा पुरी करायची. हे बंधन किती कठोर आहे, ते यावरून कळते. इंग्रजी खेळांशी याचे साम्य वरवरचे आहे. निरोष्ठ रचनेत उच्चारस्थान वर्ज्य असते. इंग्रजीत कागदावरचे चिन्ह. हा भेद लक्षात न घेता दोन्हींना एकाच माळेत ओवणे योग्य नाही.

कोल्हापुरातील प्रचलन : शहरात इंग्रजी शिक्षण एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून आहे; न्यायमूर्ती रानडे यांचे शालेय शिक्षण येथेच झाले. ‘सी-ए-टी कॅट, कॅट म्हणजे मांजर’ हे घोकणे अन्य महाराष्ट्राप्रमाणे येथेही पिढ्यान्‌पिढ्या चालले. 2000 पासून राज्यात पहिलीपासून इंग्रजी आले. वर्गातल्या रिकाम्या तासाला स्पेलिंगच्या भेंड्या लागतात : शब्दाच्या शेवटच्या अक्षराने पुढच्याने सुरुवात करायची. ‘टेबल’, ‘ऑरेंज’, ‘हाउस’ असे काही म्हटले, की ‘ई’ येते. ‘एलिफंट’, ‘एग’, ‘इअर’ लवकर संपतात. मग कुणी ‘ईगल’ म्हणते आणि पुढच्याच्या वाट्याला पुन्हा ‘ई’च येते.