एचआयव्हीबाधितांमधील क्षयरोग

एचआयव्हीचा संसर्ग असलेल्या माणसाला होणारा क्षयरोग, म्हणजे टीबी. जंतू तेच, औषधेही बहुतांशी तीच. पण रोगाचे दिसणे, सापडणे आणि उपचारांतले वेळापत्रक वेगळे असते. निरोगी माणसाच्या शरीरात टीबीचा सुप्त संसर्ग असला, तर आयुष्यभरात रोग उफाळण्याची शक्यता ५ ते १० टक्के धरतात. एचआयव्हीवर उपचार सुरू नसतील तर जवळपास तेवढाच धोका दर वर्षाला असतो. २०२३ साली जगात टीबीने सुमारे साडेबारा लाख माणसे दगावली. त्यांपैकी १ लाख ६१ हजार एचआयव्हीबाधित होती.

रोग लपतो कसा : टीबीची जी लक्षणे आपण ओळखतो, त्यांतली बरीचशी जंतूंनी केलेली नसतात, ती शरीराच्या प्रतिकाराची असतात. जंतूंना कोंडण्यासाठी पेशी त्यांच्याभोवती गाठीसारखे कडे करतात. या कड्याचा मधला भाग कुजतो, फुप्फुसात पोकळी पडते, तिथे जंतू कोट्यवधींनी वाढतात आणि खोकल्याबरोबर बेडक्यात उतरतात. हे कडे बांधायला सीडी-४ या रक्तातल्या पांढऱ्या पेशी लागतात आणि एचआयव्ही नेमक्या त्याच संपवतो. त्यामुळे सीडी-४ची संख्या दर घन मिलिमीटर रक्तात २००च्या खाली गेलेल्या रुग्णात पोकळी क्वचितच दिसते. एक्स-रेमध्ये डाग वरच्या भागाऐवजी खाली असतो, किंवा बाजरीच्या दाण्यांसारखे बारीक ठिपके सगळीकडे पसरलेले असतात. कधी एक्स-रे चक्क स्वच्छ असतो. खोकला नसतो किंवा कोरडा असतो. जंतू मात्र मानेतल्या आणि पोटातल्या गाठींत, छातीच्या पाण्यात, मेंदूच्या आवरणात पसरलेले असतात. ‘दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला’ ही भिंतीवरच्या पोस्टरवरची ओळख इथे अपुरी पडते, ती याच कारणाने.

शोध : एआरटी (एचआयव्हीवरची औषधे) देणाऱ्या केंद्रावर रुग्ण औषध न्यायला येतो तेव्हा प्रत्येक वेळी चार प्रश्न विचारायचे असतात : खोकला (कितीही दिवसांचा), ताप, वजनात घट, रात्री घाम. चारांपैकी एकाचेही उत्तर ‘हो’ आले की तपासणी. हे प्रश्न ‘काही त्रास नाही ना?’ अशा घाईत उरकले गेले, तर उत्तर ठरलेले असते. वजनाबद्दल तर विचारूच नये, काट्यावर उभे करून मागच्या महिन्याच्या नोंदीशी ताडावे.

सूक्ष्मदर्शकाखाली जंतू दिसायला १ मिली बेडक्यात साधारण ५ ते १० हजार जंतू असावे लागतात. एचआयव्हीबाधितांच्या बेडक्यात ते सहसा नसतात. म्हणून पहिली तपासणी जनुकीय, म्हणजे जंतूंची जनुके यंत्राने ओळखणारी असावी : सीबीनॅट किंवा ट्रूनॅट. यांतले ट्रूनॅट हे गोव्यातल्या मोलबायो या कंपनीचे, बॅटरीवर चालणारे यंत्र आहे आणि ते ग्रामीण रुग्णालयातही ठेवता येते. सीबीनॅटला १ मिलीत शंभर-दीडशे जंतू पुरतात. बेडक्यात दुप्पट द्रावण घालून हलवायचे, १५ मिनिटे ठेवायचे आणि त्यातले २ मिली कार्ट्रिजमध्ये भरायचे. दोन तासांच्या आत जंतू आहेत की नाहीत हे कळते आणि रिफॅम्पिसिन या टीबीवरच्या मुख्य औषधाला ते दाद देतात की नाही हेही कळते.

यंत्र कितीही चांगले असले तरी डबीत थुंकी आली तर ते काय करणार? रुग्णाला साध्या पाण्याने चूळ भरायला लावावी, दोन-तीन खोल श्वास घ्यायला सांगावे आणि छातीतून खोकून किमान २ मिली बेडका काढून घ्यावा. हे उघड्यावर करावे, बंद खोलीत किंवा स्वच्छतागृहात नको. नमुना पातळ, फेसाळ आला तर तो बाजूला ठेवून दुसरा घ्यावा. बेडका पडतच नसेल तर गाठीत सुई घालून काढलेला द्रव किंवा पाठीच्या कण्यातले पाणीही याच यंत्रावर तपासता येते. छातीच्या पाण्यात मात्र जंतू फार कमी सापडतात, म्हणून तिथल्या ‘निगेटिव्ह’वर विसंबू नये.

खूप आजारी एचआयव्हीबाधित रुग्णासाठी लघवीची लॅम चाचणी आहे. लॅम हा टीबीच्या जंतूच्या आवरणातला घटक. पट्टीवर ६० मायक्रोलिटर लघवी टाकायची आणि २५ मिनिटांनी रेघ पाहायची. सीडी-४ जितके कमी तितकी ही चाचणी जास्त खरी ठरते. एचआयव्ही नसलेल्या रुग्णात ती निरुपयोगी आहे. तिच्यावरून औषधरोध कळत नाही आणि ती निगेटिव्ह आली म्हणून टीबी नाही असेही ठरत नाही.

उपचार : औषधांना दाद देणाऱ्या टीबीसाठी सहा महिने रोज गोळ्या. पहिले दोन महिने आयसोनियाझिड, रिफॅम्पिसिन, पायराझिनामाइड आणि इथॅम्बुटॉल ही चार औषधे एकाच गोळीत असतात. पुढचे चार महिने पायराझिनामाइड वगळून तीन. प्रौढांत गोळ्यांची संख्या वजनावर ठरते : २५ ते ३४ किलोला २, ३५ ते ४९ला ३, ५० ते ६४ला ४, ६५ ते ७५ला ५. उपचार लागू पडला की वजन वाढते. ४८ किलोचा माणूस दोन महिन्यांत ५१वर गेला आणि गोळ्या तीनच राहिल्या, ही चूक बऱ्याचदा होते. एकेकाळी थायासेटाझोन हे स्वस्त औषध टीबीवर सर्रास वापरले जाई. एचआयव्हीबाधितांत त्याने कातडी सोलवटून जीव जाऊ लागल्यावर ते त्यांच्यासाठी वर्ज्य ठरले.

भारतात एआरटीची मोफत औषधे १ एप्रिल २००४पासून सुरू झाली. मुंबईचे जे. जे. रुग्णालय पहिल्या केंद्रांपैकी एक. टीबी आणि एचआयव्ही दोन्ही निघाले तर आधी टीबीची औषधे सुरू करायची आणि ती सोसू लागली की एआरटी, शक्यतो दोन आठवड्यांच्या आत. मेंदूच्या आवरणाचा टीबी हा अपवाद. तिथे ४ ते ८ आठवडे थांबतात, कारण कवटीच्या आत सूज वाढली तर तिला जायला जागा नसते. सोबत इतर संसर्ग टाळायला रोज को-ट्रायमॉक्साझोल ९६० मिग्रॅ आणि हातापायांना मुंग्या येऊ नयेत म्हणून पायरिडॉक्सिन (बी-६ जीवनसत्त्व).

खरी गुंतागुंत रिफॅम्पिसिनची. हे औषध यकृतातली विकरे (एन्झाइम) इतकी चेतवते की इतर औषधे शरीरात टिकत नाहीत. आजच्या नेहमीच्या एआरटी गोळीत टेनोफोविर, लॅमिवुडिन आणि डोल्युटेग्राविर असतात. रिफॅम्पिसिन चालू असेपर्यंत डोल्युटेग्राविरची ५० मिग्रॅची आणखी एक गोळी १२ तासांच्या अंतराने द्यावी लागते. टीबीचा कोर्स संपल्यावरही ती दोन आठवडे चालू ठेवतात, कारण विकरे शांत व्हायला तेवढा वेळ जातो. एचआयव्हीवरच्या इतर औषधांपैकी नेव्हिरापिन रिफॅम्पिसिनबरोबर चालत नाही. लोपिनाविर किंवा अटाझानाविरवर असलेल्या रुग्णाला रिफॅम्पिसिनऐवजी रिफाब्युटिन देतात. औषधरोधक टीबीसाठी बेडाक्विलिन हे औषध चालू असेल तर एआरटीतले एफाव्हिरेन्झ बदलावे लागते.

घरातली एक साधी गोष्ट यात हमखास सुटते. अशक्तपणासाठी दिलेली लोहाची किंवा कॅल्शियमची गोळी आणि पित्तावरचे अँटासिड डोल्युटेग्राविरला पोटातच बांधून ठेवतात. उपाशीपोटी घेताना एआरटी त्यांच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घ्यावी. रिफॅम्पिसिनने लघवी नारिंगी होते हे पहिल्याच दिवशी सांगावे, नाहीतर रक्त जातेय असे समजून गोळ्या बंद होतात.

बरे होताना बिघडणे : ताप उतरलेला, भूक लागू लागलेली, आणि एआरटी सुरू होऊन दोन-तीन आठवडे होतात तोच मानेतली गाठ लिंबाएवढी फुगते, ताप परततो. याला आयरिस म्हणतात. सीडी-४ पेशी परत येतात, शरीरात पसरलेले जंतू त्यांना आता दिसू लागतात आणि आतापर्यंत न झालेली लढाई एकदम पेटते. रुग्ण म्हणतो, औषध मानवत नाही. तो सर्वांत आधी गोळ्या सोडतो, आणि तेच घातक. मात्र आयरिस हे निदान इतर कारणे वगळूनच करावे : गोळ्या खरोखर घेतल्या जात होत्या का, रिफॅम्पिसिनला रोध आहे का, दुसरा संसर्ग आहे का. सहसा एआरटी थांबवत नाहीत. त्रास जास्त असेल तर प्रेडनिसोलोन हे सूज उतरवणारे स्टेरॉइड देतात आणि पू झालेली गाठ सुईने उपसतात.

कावीळ वेगळी. पायराझिनामाइड, आयसोनियाझिड, रिफॅम्पिसिन तिन्ही यकृताला जड. उलट्या किंवा कावीळ असून रक्तातले एएलटी (यकृताची इजा दाखवणारे विकर) सामान्य पातळीच्या तिप्पट झाले, किंवा लक्षणे नसतानाही पाचपट झाले, तर औषधे थांबवून मग एकेक करून परत सुरू करतात. दारू पिणाऱ्यात हे जास्त घडते.

प्रतिबंध : चारही प्रश्नांची उत्तरे ‘नाही’ असतील तर प्रतिबंधक उपचार द्यावा. आयसोनियाझिड ३०० मिग्रॅ रोज सहा महिने, किंवा आयसोनियाझिड ९०० आणि रिफापेंटिन ९०० मिग्रॅ आठवड्यातून एकदा असे १२ डोस. आत टीबी चालू असताना एकटे आयसोनियाझिड दिले तर जंतू त्याला सरावतात, म्हणून ते चार प्रश्न इथेही मनापासून विचारायचे.

उरते ती दवाखान्यातली हवा. दक्षिण आफ्रिकेतल्या तुगेला फेरी या गावात २००५-०६मध्ये अतिऔषधरोधक, म्हणजे महत्त्वाच्या बहुतेक औषधांना दाद न देणाऱ्या टीबीचे ५३ रुग्ण सापडले. ज्यांची एचआयव्ही तपासणी झाली ते सगळे पॉझिटिव्ह होते. ५३पैकी ५२ मरण पावले, त्यांतले निम्मे नमुना घेतल्यापासून जेमतेम १६ दिवसांत. बहुतेकांना जंतू रुग्णालयातच लागले असावेत. त्यामुळे एआरटी केंद्रावर खोकणाऱ्याला रांगेतून पुढे घेणे, मास्क देणे आणि खिडक्या उघड्या ठेवणे हे औषधाइतकेच महत्त्वाचे. पेरूतल्या लिमा शहरात आठ रुग्णालयांतली हवा मोजली तेव्हा उंच छताच्या, मोठ्या खिडक्यांच्या जुन्या इमारतींत ती तासाला ४० वेळा बदलत होती. यंत्राने हवा खेळवलेल्या खोल्यांत १२ वेळा.