परवान्याचं लाकूड आणि कायदेशीर लाकूड

लाकडासोबत परवाना आहे म्हणजे ते कायदेशीर, असं आपण धरून चालतो. पेरूच्या ॲमेझॉन जंगलात या दोन गोष्टी किती दुरावल्या आहेत ते बघा.

तिथे ठेकेदाराला तोडायच्या झाडांची यादी द्यावी लागते. झाडाची जात, जाडी आणि ते नेमकं कुठे उभं आहे त्याचे अक्षांश-रेखांश. यादी मंजूर झाली की तेवढ्या घनमीटरचे वाहतूक परवाने मिळतात. आपल्याकडे लाकडाच्या ट्रकला वाहतूक पास लागतो, तसाच प्रकार.

आता लाकूड कायदेशीर आहे की नाही, हे कशावरून कळतं? बुडख्यावरून. ‘ओसिन्फोर’ या सरकारी तपासणी संस्थेचे निरीक्षक जीपीएस घेऊन यादीतल्या जागेवर जातात. झाड खरंच तिथून तोडलं असेल, तर बुडखा दिसायलाच हवा. पण कित्येकदा ते झाड अजून उभंच असतं, नाहीतर तिथे झाड कधी नव्हतंच. त्या नसलेल्या झाडाच्या नावाने निघालेला परवाना विकला जातो आणि आदिवासींच्या किंवा राखीव जंगलातलं लाकूड त्यावर बंदरापर्यंत पोहोचतं. शिक्का खरा, सही खरी. खोटं असतं ते यादी मंजूर करताना जागेवर न जाता मारलेल्या शेऱ्यात, आणि माझ्या मते खरी कुऱ्हाड तिथेच पडते.

२०१५च्या अखेरीस पेरूच्या ॲमेझॉनमधल्या इकितोस बंदरातून ‘याकू काल्पा’ हे जहाज अमेरिकेकडे निघालं. कागदपत्रं सोबत होती. ओसिन्फोरच्या पडताळणीत त्यातलं ९० टक्क्यांहून अधिक लाकूड बेकायदा ठिकाणचं निघालं. जानेवारी २०१६ मध्ये पद गेलं ते मात्र ओसिन्फोरचे प्रमुख रोलांदो नवारो यांचं.

महोगनीसारखी महाग झाडं जंगलात विरळ असतात. एकेका झाडासाठी वाट पाडावी लागते आणि त्या वाटेने मागाहून शेतीसाठी जंगल साफ करणारे येतात. म्हणून नुकसान तोडलेल्या झाडांपुरतं राहत नाही.

परवान्याच्या जागी बुडखा नाही, तसे बुडखे आहेत तिथे परवाना नाही. ब्राझीलच्या सीमेजवळच्या सावेतो गावचे अशानिंका आदिवासी नेते एडविन चोता आपल्या जंगलातल्या चोरट्या तोडीच्या तक्रारी वर्षानुवर्षं करत राहिले, गावासाठी जमिनीचा हक्क मागत राहिले. सप्टेंबर २०१४ मध्ये त्यांची आणि तीन सोबत्यांची हत्या झाली. गावाला जमिनीचा पट्टा मिळाला २०१५ मध्ये.