यूरिक ॲसिड: ‘नॉर्मल’चा आकडा आला कुठून?

रिपोर्टवर यूरिक ॲसिड ७.४. शेजारी वर तोंड केलेला बाण, आणि त्यापुढे ‘नॉर्मल’ म्हणून ३.५ ते ७.२ असे काहीतरी छापलेले. सांधा दुखत नाही, मुतखडा कधी झाला नाही, तपासणी भलत्याच कारणासाठी केलेली. एक डॉक्टर म्हणतात, वजन उतरवा, बाकी विसरा. दुसरे गोळी लिहून देतात. दोघांपैकी कोणी अडाणी नाही; वैद्यकातला एक जुना वाद अजून मिटलेला नाही, एवढेच.

सुरुवातीचा काळ भराभर ओलांडता येईल. १७७६ मध्ये एका स्वीडिश रसायनशास्त्रज्ञाला मुतखड्यात हे आम्ल सापडले. १७९७ मध्ये एका इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने गाऊटच्या, म्हणजे सांधा अचानक सुजून ठणकू लागण्याच्या आजाराच्या, गाठींतला खडूसारखा पदार्थ म्हणजे त्याचाच क्षार असल्याचे दाखवले. १८४८ मध्ये लंडनच्या एका डॉक्टरने गाऊटच्या रुग्णांच्या रक्तातच ते जास्त असते, हे सिद्ध केले. त्याने पुढे बसवलेली चाचणी मोठी देखणी होती. रक्तातले पातळ पाणी उथळ काचेच्या बशीत घ्यायचे, त्यात थोडे ॲसेटिक ॲसिड घालायचे, लिननच्या कापडातला एखाददुसरा तंतू त्यात सोडायचा आणि बशी दीड-दोन दिवस हलवायची नाही. यूरिक ॲसिड जास्त असेल तर दोऱ्यावर खडीसाखर धरावी तसे स्फटिक तंतूवर चढायचे. नसेल तर तंतू कोरा. आकडा नाही, बाण नाही. स्फटिक धरले की नाही, एवढाच प्रश्न. पुढचे सगळे वाचताना ही बशी ध्यानात असू द्यावी.

त्याच शतकाच्या शेवटी अतिरेकही झाला. डोकेदुखी, उदासी, रक्तदाब, जे जे होईल त्याचे खापर यूरिक ॲसिडवर फोडणारे एक इंग्रज डॉक्टर त्या काळी बरेच लोकप्रिय होते. लिथियमच्या क्षारात हे आम्ल विरघळते, म्हणून लिथियमचे पाणी बाटल्यांतून विकले जाई. काचनळीत विरघळते ते शरीरातही विरघळेल, असा तो हिशेब होता आणि तो फसला. पुढची काही दशके गंभीर माणसे या विषयापासून दोन हात लांबच राहिली.

विषयाला पुन्हा प्रतिष्ठा मिळाली ती १९६१ मध्ये. सुजलेल्या सांध्यातून काढलेल्या पाण्याचा थेंब ध्रुवीकृत प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली धरला तेव्हा पांढऱ्या पेशींच्या पोटात अडकलेल्या यूरिक ॲसिडच्या स्फटिकांच्या सुया लखलखल्या. योग्य काच बसवली की एका दिशेने त्या पिवळ्या दिसतात, आडव्या फिरवल्या की निळ्या. ठणका या सुयांमुळे उठतो, हे त्यानंतर कोणी नाकारले नाही. पाचच वर्षांत, १९६६ मध्ये, अमेरिकेत ॲलोप्युरिनॉलला मान्यता मिळाली. मुळात ते कर्करोगाच्या संशोधनातून निघालेले औषध. यूरिक ॲसिड तयार करणारे विकरच (एन्झाइम) ते अडवते. म्हणजे आकडा हवा तसा खाली आणणारी स्वस्त, टिकाऊ गोळी हाताशी आली. गोंधळ खरा इथून सुरू होतो, कारण आकडा उतरवता येतो म्हटल्यावर तो किती उतरवायचा आणि कोणाचा, हे ठरवणे भाग पडले.

त्यासाठी आधी ‘नॉर्मल’ म्हणजे काय ते ठरायला हवे होते. ते नीट कधी ठरलेच नाही. या एका शब्दाआड तीन वेगवेगळ्या फूटपट्ट्या दडल्या आहेत.

पहिली प्रयोगशाळेची. वरवर निरोगी दिसणाऱ्या पुष्कळ माणसांचे रक्त तपासायचे, दोन्ही टोकांचे अडीच-अडीच टक्के सोडायचे आणि मधल्या ९५ टक्क्यांना नॉर्मल म्हणायचे. रिपोर्टवर छापलेली मर्यादा साधारण अशी येते. पुरुषांची ७ च्या आसपास, स्त्रियांची ६ च्या आसपास (एकक मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर, पुढचे आकडेही त्याच एककात). स्त्रियांचा आकडा कमी, कारण इस्ट्रोजेनच्या प्रभावाखाली मूत्रपिंड हे आम्ल जास्त बाहेर टाकते. पाळी गेल्यावर तो पुरुषांच्या जवळ सरकतो. या फूटपट्टीची खोट उघड आहे. ज्या लोकसमूहाचे वजन वाढत चालले आहे, त्याची ‘नॉर्मल’ मर्यादाही त्याच्याबरोबर वर चढते. सगळेच थोडे बिघडले की बिघाडच नॉर्मल ठरतो.

दुसरी फूटपट्टी रसायनाची. ३७ अंश सेल्सिअसला रक्तद्रवात हे आम्ल साधारण ६.८ पर्यंत विरघळून राहते, त्यापलीकडे स्फटिक धरण्याची शक्यता निर्माण होते. ही मर्यादा बाईपुरुष पाहत नाही. तापमान पाहते. पायाच्या अंगठ्याचा सांधा शरीराच्या गाभ्यापेक्षा थंड असतो, तिथे विरघळण्याची क्षमता आणखी कमी. गाऊटचा पहिला झटका बहुधा तिथेच का येतो, याचे हे एक कारण मानले जाते. लंडनच्या डॉक्टरची बशी याच फूटपट्टीची पूर्वज.

तिसरी उपचाराची. गाऊट होऊन गेलेल्याचा आकडा ६ च्या खाली ठेवायचा, गाठी असतील तर ५ च्या खाली, म्हणजे साचलेले स्फटिक हळूहळू विरघळतील. हे ६ म्हणजे गाऊटच्या रुग्णासाठी ठरवलेले लक्ष्य. निरोगी माणसाची मर्यादा नव्हे. पण आकड्याला पाय फुटतात. ज्याला कधी गाऊट झाला नाही त्यालाही आता ‘सहाच्या आत हवे’ असे सांगितले जाते, आणि हे सहा कोणत्या फूटपट्टीवरचे, हे सांगणाऱ्यालाही पुष्कळदा ठाऊक नसते.

रसायनाची मर्यादा ओलांडली म्हणजे गाऊट होणारच, असेही नाही. दोन हजारांवर पुरुषांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा करून १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आकडा ७ ते ८.९ असणाऱ्यांपैकी वर्षाला अर्ध्या टक्क्याला गाऊट झाला. ९ च्या वर असणाऱ्यांत हे प्रमाण ४.९ टक्के होते, म्हणजे जवळपास दसपट. तरीही ९ पार केलेल्यांपैकी पाच वर्षांत झटका आला तो २२ टक्क्यांना. बाकीचे बाण घेऊन हिंडत राहिले. ७.४ चा रिपोर्ट हातात धरलेल्या माणसाला हा अभ्यास कोणी सांगत नाही, याचे मला नेहमी नवल वाटते.

मग गोळीचा आग्रह आला कुठून? चयापचयाच्या बाजूने. १९२३ मध्येच एका स्वीडिश डॉक्टरने वाढलेला रक्तदाब, वाढलेली साखर आणि वाढलेले यूरिक ॲसिड एकाच माणसात एकत्र दिसतात, असे नोंदवून ठेवले होते. त्याकडे फारसे कोणी पाहिले नाही. १९८८ मध्ये एका गाजलेल्या व्याख्यानातून इन्शुलिनला दाद न देणे हा या सगळ्या विकारांचा समान धागा म्हणून पुढे आला आणि पुढे त्याला मेटाबोलिक सिंड्रोम हे नाव रुळले. १९९८ मध्ये त्याची आंतरराष्ट्रीय व्याख्या ठरवताना रक्तदाब, साखर, चरबी, पोटाचा घेर यांना जागा मिळाली. यूरिक ॲसिडचा उल्लेख झाला तो सोबत आढळणाऱ्या, पण निदानाला आवश्यक नसलेल्या गोष्टींत. पंगतीला बोलावले, पण पान मांडले नाही. ते मांडायला हवे होते, असे मानणारा एक गट तेव्हापासून आहे.

त्या गटाच्या हातात पुरावा नव्हता असे नाही. फळशर्करा, म्हणजे फ्रुक्टोज, यकृतात शिरली की पेशीतले ऊर्जेचे चलन झपाट्याने खर्च होते आणि त्या मोडतोडीतून यूरिक ॲसिड तयार होते. गोड पेयांवरचा संशय इथून बळावला. २००१ मध्ये उंदरांचे यूरिक ॲसिड मुद्दाम वाढवल्यावर त्यांचा रक्तदाब चढला आणि ॲलोप्युरिनॉल दिल्यावर आटोक्यात राहिला. २००८ मध्ये नव्याने रक्तदाब जडलेल्या ३० किशोरवयीनांवर तोच प्रयोग झाला. औषधाच्या काळात २० जणांचा रक्तदाब नॉर्मल झाला, दिखाऊ, औषध नसलेल्या गोळीच्या काळात एकाचा. असा निकाल वाचून कोणीही खुर्चीत सरसावून बसेल.

पण यकृताइतकेच मूत्रपिंडाकडेही पाहायला हवे. गाळलेल्या यूरिक ॲसिडपैकी सुमारे ९० टक्के मूत्रपिंड परत आत ओढून घेते, आणि रक्तात इन्शुलिन चढे असले की ही ओढ वाढते. म्हणजे पोटाचा घेर वाढला, इन्शुलिन चढले, की यूरिक ॲसिड आपोआप चढणार. मग दोष आकड्याचा की घेराचा? घरात धूर दिसतो म्हणून धूर पंख्याने हाकलायचा की चूल पाहायची, असा हा प्रश्न होता. उत्तर मोठ्या चाचण्यांनीच द्यायचे होते.

त्यांनी ते दिले, आणि ते एका बाजूला बरेच झुकलेले आहे. २०२० मध्ये टाइप १ मधुमेह असलेल्या ५३० जणांची चाचणी प्रसिद्ध झाली. तीन वर्षांत औषधाने यूरिक ॲसिड ६.१ वरून ३.९ वर आणले, मूत्रपिंडाची घसरण मात्र थांबली नाही. त्याच वर्षी मूत्रपिंडाच्या दीर्घ विकाराच्या रुग्णांवरच्या दुसऱ्या चाचणीनेही तेच सांगितले. २०२१ मध्ये तरुण प्रौढांवर रक्तदाबाचा प्रयोग झाला, तेव्हा किशोरांतला तो चमत्कार पुन्हा दिसला नाही. २०२२ मध्ये हृदयविकार असलेल्या पण गाऊट नसलेल्या, साठी ओलांडलेल्या ५,७०० हून अधिक लोकांची चाचणी आली. जवळपास पाच वर्षांत ॲलोप्युरिनॉल घेणाऱ्यांपैकी ११ टक्क्यांना हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा हृदयविकाराने मृत्यू यांपैकी काहीतरी गाठले, न घेणाऱ्यांपैकी ११.३ टक्क्यांना. यूरिक ॲसिड वाढवणारे जनुकप्रकार मोजून केलेल्या अभ्यासांतही गाऊटशी नाते घट्ट निघाले, मधुमेहाशी निघाले नाही.

गोळी अगदी निरुपद्रवीही नाही. ॲलोप्युरिनॉलने क्वचित अंगावरची कातडी सोलवटून निघण्याइतकी भयंकर प्रतिक्रिया येते, आणि एका विशिष्ट जनुकप्रकाराच्या माणसांत तिचा धोका कितीतरी जास्त असतो, हे २००५ मध्ये कळले. त्याच कामासाठी नंतर आलेल्या फेबुक्सोस्टॅट या औषधावर २०१९ मध्ये अमेरिकेत हृदयाच्या धोक्याचा ठळक इशारा छापला गेला. पुढच्या वर्षीच्या युरोपातल्या चाचणीत तो धोका दिसला नाही, इशारा कायम राहिला.

तरी निर्णय एक झालेला नाही. अमेरिकेतल्या २०२० च्या मार्गदर्शनात, लक्षणे नसताना औषध सुरू न करण्याकडे कल आहे. गाऊटचा एक झटका टाळण्यासाठी २४ जणांना तीन वर्षे गोळी द्यावी लागेल, हा त्यामागचा हिशेब. जपानमध्ये मात्र आकडा ९ च्या पलीकडे गेला, किंवा ८ च्या पलीकडे असून जोडीला मूत्रपिंडाचा वा रक्तदाबाचा विकार असला, तर लक्षणे नसतानाही औषधाचा विचार करण्याची रीत आहे. तेच स्फटिक, तेच रसायन, आणि दोन देशांत दोन प्रिस्क्रिप्शन.

पथ्याची कथाही अशीच सरकत गेली. पूर्वी प्युरिन (अन्नातला जो घटक मोडून यूरिक ॲसिड बनते तो) दिसेल ते ताटातून हद्दपार व्हायचे, कडधान्ये आणि पालक यांचाही त्यात बळी जाई. २००४ मध्ये सुमारे ४७ हजार पुरुषांच्या बारा वर्षांच्या पाठपुराव्यातून दिसले की मांस आणि मासळीने गाऊटचा धोका वाढतो, प्युरिनयुक्त भाज्यांनी वाढत नाही आणि दुधाच्या पदार्थांनी तो उलट घटतो. कडक प्युरिनबंदीने आकडा जेमतेम एकाने उतरतो. वजन, दारू आणि गोड पेये यांच्याकडे लक्ष वळले ते त्यानंतर. जुन्या पथ्याच्या याद्या मात्र अजून फिरत असतात, पालकावर काट मारलेल्या.

गेल्या दहा-बारा वर्षांत आणखी एक गोष्ट घडली. लघवीवाटे साखर बाहेर काढणारी मधुमेहाची नवी औषधे आली. हृदय आणि मूत्रपिंड यांना त्यांचा फायदा मोठ्या चाचण्यांत दिसला, आणि जाता जाता त्यांनी यूरिक ॲसिडही खाली आणले. त्या चाचण्या यूरिक ॲसिडसाठी बेतलेल्याच नव्हत्या. त्या फायद्यात यूरिक ॲसिड उतरण्याचा वाटा किती, यावर आता नव्याने भांडण सुरू आहे.