मास्क गळतो तो कडेने

‘विषाणू ०.१ मायक्रॉनचा आणि मास्कची छिद्रं त्याहून कितीतरी मोठी, मग मास्क लावून उपयोग काय?’ हा प्रश्न बिनतोड वाटतो, पण तो मास्कला चाळणी समजतो. क्षयरोग, गोवर, कोविड यांच्या रुग्णांजवळ तासन्‌तास वावरणाऱ्या नर्स, डॉक्टर आणि सफाई कर्मचाऱ्यांचं संरक्षण या गैरसमजावर सोडून चालणार नाही.

एन-९५ मास्कचा मधला थर म्हणजे पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकच्या अतिबारीक तंतूंचं जाड जंजाळ. हवा त्यातून वळणं घेत जाते. १ मायक्रॉनपेक्षा मोठ्या कणांना तिच्याबरोबर चटकन वळता येत नाही. ते जडत्वाने सरळ जाऊन तंतूवर आदळतात. याउलट ०.१ मायक्रॉनहून लहान कणांना हवेचे रेणू सतत ढकलत राहतात. ते वेडेवाकडे भरकटतात (हीच ब्राउनीय गती) आणि कुठल्या ना कुठल्या तंतूला चिकटतात. खरी पंचाईत मधल्यांची. ०.३ मायक्रॉनच्या आसपासचे कण आदळण्याइतके जड नसतात आणि भरकटण्याइतके हलकेही नसतात. म्हणून चाचणीसाठी याच सुमाराचे मिठाचे कण वापरतात. मिनिटाला ८५ लिटर हवा ओढली, तरी किमान ९५ टक्के कण अडले पाहिजेत.

हे साधतं ते तंतूंवर कारखान्यातच बसवलेल्या टिकाऊ विद्युतभारामुळे. अशा पदार्थाला इलेक्ट्रेट म्हणतात. भारित कण त्याकडे ओढले जातातच; शिवाय भार नसलेल्या कणातही तंतूजवळ येताच धन आणि ऋण टोकं तयार होतात आणि तोही खेचला जातो. म्हणून तंतू विरळ ठेवता येतात आणि श्वास घेणं सुसह्य होतं. अल्कोहोलने किंवा साबणाने हा भार नष्ट होतो. सॅनिटायझर फवारलेला मास्क दिसायला तसाच राहतो, पण त्याची गाळण्याची ताकद बरीच गेलेली असते.

आता कडेकडे येऊ. समजा, आत येणाऱ्या हवेपैकी १० टक्के हवा नाकाजवळच्या फटीतून येते. उरलेल्या ९० टक्क्यांतले ५ टक्के कण गाळणीतून निसटतात, म्हणजे ४.५. एकूण १४.५ टक्के कण आत. गाळणी ९९ टक्क्यांची केली, तरी १०.९ टक्के येतातच. तीच जुनी गाळणी ठेवून फट १ टक्क्यावर आणली, तर मात्र फक्त ५.९५ टक्के! महागडा मास्क मागण्याआधी फट बुजवणं का महत्त्वाचं, ते या आकड्यांत आहे.

त्यासाठी फिट टेस्ट हवी. डोक्यावर हूड चढवून आत सॅकरीनचा फवारा मारतात. मास्क लावलेल्याने मान वळवायची, वाकायचं, बोलायचं. गोड चव लागली की मास्क बसलेला नाही, दुसरा आकार किंवा दुसरं मॉडेल घ्यायचं. दाढीचे खुंट आणि आत घातलेला सर्जिकल मास्क, दोन्हींमुळे फट पडते. वरचा पट्टा डोक्याच्या मागच्या वरच्या भागावर, खालचा कानांखाली मानेवर. ते एकमेकांवरून नेऊ नयेत. नाकावरची पट्टी दोन्ही हातांच्या बोटांनी दाबावी, कारण एका हाताच्या चिमटीने तिला टोकदार घडी पडते आणि तिथूनच हवा शिरते. शेवटी दोन्ही तळव्यांनी मास्क झाकून जोरात श्वास सोडावा. डोळ्यांकडे झुळूक आली, तर पुन्हा बसवावा. हा सील चेक दर वेळी करायचा.

गळ्यात अडकवायची ‘विषाणूरोधक’ कार्डं आणि माणसांवर जंतुनाशक फवारणारे बोगदे यांनी यातलं काहीही साधत नाही. फवाऱ्याने डोळ्यांना आणि श्वसनमार्गाला इजा मात्र होऊ शकते.

मास्क उतरवायचा बाकीची संरक्षक साधनं काढल्यावर, सर्वांत शेवटी, रुग्णाच्या खोलीबाहेर येऊन, दार लावून, हात स्वच्छ करून. आधी खालचा पट्टा, मग वरचा. पुढच्या भागाला हात लावायचा नाही. रुग्ण हलवल्यावरही खोलीतली हवा लगेच स्वच्छ होत नाही. तासाला १२ वेळा हवा बदलत असेल, तर ९९.९ टक्के कण जायला ३५ मिनिटं लागतात, ६ वेळा बदलत असेल तर ६९. हवा नीट मिसळत नसेल, तर आणखी जास्त. तेवढा वेळ जाईपर्यंत साफसफाईला येणाऱ्यांनीही एन-९५ लावूनच आत जावं.