संकल्प

संकल्प : एखादे कर्म कोणी, कोठे, केव्हा आणि कोणत्या हेतूने आरंभिले, हे मनाशी निश्चित करून शब्दांत उच्चारणे. पूजा, व्रत, दान इत्यादींच्या आरंभीचा विधी असा याचा रूढ अर्थ असून, स्वतःपुरते ठरविलेले ध्येय हा व्यापक अर्थ त्यातूनच आलेला आहे.

‘सम्’ हा उपसर्ग आणि ‘कॢप्’ (जुळणे, समर्थ होणे) हा धातू यांपासून शब्द सिद्ध होतो. अमरकोशाने संकल्पाला मानस कर्म म्हटले आहे. शुक्ल यजुर्वेदाच्या वाजसनेयी संहितेच्या ३४ व्या अध्यायातील पहिल्या सहा मंत्रांत मन शुभ संकल्पाचे असावे अशी प्रार्थना आहे, तर छांदोग्योपनिषदात (७.४) संकल्पाचे स्थान मनाच्या वर, पण चित्ताच्या खाली आहे. मनुस्मृती (२.३) काम आणि यज्ञ या दोहोंचे मूळ संकल्पात पाहते. भगवद्गीतेच्या सहाव्या अध्यायात मात्र योगारूढ पुरुष सर्व संकल्पांचा त्याग केलेला असतो. तेथे संकल्प या शब्दाने फलाची वासना अभिप्रेत असल्याने हा विरोध वरवरचा मानावा.

संकल्प हेच व्रत, की तो व्रताचा केवळ आरंभ, याविषयी निबंधकारांत (धर्मशास्त्रावरील संग्रहग्रंथांच्या कर्त्यांत) मतभेद आहे. मिथिलेचा श्रीदत्त (१३ वे शतक अखेर ते १४ वे शतक आरंभ, असे मानतात) आपल्या कर्तव्याविषयीच्या निश्चित संकल्पालाच व्रत म्हणतो. बंगालचा रघुनंदन (१६ वे शतक) हे मत नाकारून, ज्यांविषयी संकल्प करावयाचा ती कृत्ये म्हणजे व्रत, असे प्रतिपादन करतो. प्रत्यक्ष आचार पाहता रघुनंदनाचे म्हणणे अधिक सयुक्तिक वाटते. कारण संकल्पानंतर व्रत मोडल्यास दोष सांगितला आहे, आणि संकल्प हेच व्रत असते तर मोडण्यासारखे काही उरले नसते.

आज म्हटल्या जाणाऱ्या संकल्पवाक्याचा पहिला भाग देशकालोच्चाराचा असतो. ब्रह्मदेवाच्या द्वितीय परार्धापासून (आयुष्याच्या उत्तरार्धापासून) ते त्या दिवसाच्या तिथी-नक्षत्रापर्यंत काळ, आणि जंबुद्वीपापासून घराजवळच्या नदीकाठापर्यंत स्थळ क्रमाने निश्चित केले जाते. महाराष्ट्रात ‘दंडकारण्ये देशे गोदावर्याः दक्षिणे तीरे’ असा पाठ बहुधा ऐकू येतो. गोदावरीच्या पलीकडे ‘उत्तरे तीरे’ म्हणतात. अमेरिकेत जंबुद्वीपाऐवजी ‘क्रौंचद्वीपे’ (क्रौंच हे पुराणांतील दुसरे एक द्वीप) असा बदल केला जातो. वाक्याच्या रचनेचा काळ ठरविणे कठीण आहे. त्यात येणारा ‘बौद्धावतारे’ हा शब्द बुद्धाला विष्णूच्या अवतारांत स्थान मिळाल्यानंतरचा असला पाहिजे. त्यात शकाला शालिवाहनाचे नावही जोडलेले असते, आणि ही प्रथा त्याहूनही बरीच उत्तरकालीन आहे. यावरून प्रचलित पाठ मध्ययुगीन असावा, त्यातील काही घटक जुने असले तरी.

शेवटच्या क्रियापदाला विशेष महत्त्व आहे. यजमान स्वतः ‘करिष्ये’ म्हणतो, तर दुसऱ्यासाठी कर्म करणारा पुरोहित ‘करिष्यामि’ म्हणतो. पाणिनीच्या सूत्रानुसार (१.३.७२) क्रियेचे फल कर्त्याकडे जात असेल तेव्हा ‘कृ’ धातूला आत्मनेपद (‘करिष्ये’ हे रूप) लागते, एरवी परस्मैपद (‘करिष्यामि’). फल कोणाचे, हे अशा रीतीने एका प्रत्ययानेच सांगितले जाते. पूजेला बसलेल्या अनेकांना हा भेद ठाऊक नसतो, ही खेदाची बाब आहे.

‘करिष्ये’ म्हणताच यजमान पळीभर पाणी उजव्या हातावरून ताम्हनात सोडतो. दानाच्या प्रसंगी उदक सोडण्याची चाल जुनी असून राष्ट्रकूटांच्या ताम्रपटांत ‘उदकातिसर्ग’ (पाणी सोडणे) या शब्दाने तिचा निर्देश येतो. मराठीत या एका कृतीतून दोन वाक्प्रचार आले आहेत : ‘संकल्प सोडणे’ म्हणजे निश्चय करणे, आणि ‘पाणी सोडणे’ म्हणजे हक्क वा आशा टाकून देणे. दानाच्या संकल्पात ही दोन्ही एकाच वेळी घडतात.

‘अर्थसंकल्प’ या शब्दात आगामी वर्षाच्या खर्चाचा पूर्वनिश्चय हा अर्थ टिकून आहे. बिहारमधील मुंगेरच्या योगपरंपरेतील योगनिद्रेत (पडून करावयाच्या शिथिलीकरणाच्या साधनेत) साधक एक छोटे वाक्य आरंभी आणि शेवटी मनात उच्चारतो. त्यालाही संकल्पच म्हणतात. नुसते ध्येय ठरविण्यापेक्षा ते केव्हा, कोठे आणि कसे पार पाडावयाचे हे आधीच ठरविल्यास कृती घडण्याची शक्यता वाढते, असे मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी १९९० च्या दशकात मांडले. देशकालोच्चाराशी याचे साम्य लक्षणीय आहे. ऐतिहासिक संबंध मात्र मानता येत नाही.