साडी अभ्र्यांसाठी देण्याआधी

आईची किंवा आजीची साडी कपाटात आहे, नेसली जात नाही आणि कुणाला द्यायला मनही होत नाही, असं म्हणत बरेच जण आमच्याकडे कुशनचे अभ्रे शिवायला येतात. साडी पुढ्यात आली की आम्ही आधी काठपदर बघत नाही. ती उलगडून उजेडासमोर धरतो. घडीच्या जागी बारीक चिरा दिसल्या तर रेशीम जरलंय, म्हणजे जुनं होऊन कमकुवत झालंय. वर्षानुवर्षं एकाच घडीत राहिलेली साडी नेमकी घडीवरच तुटते. मग दोन्ही अंगठ्यांनी कापड हलकेच ताणायचं. 'चर्र' झालं की तो भाग बाद. थोडंसंच जरलं असेल तर मागून फ्यूजिंग (इस्त्रीने चिकटणारं पातळ कापड) चिकटवून निभावता येतं, पण ते अभ्रे शोभेच्या उशांनाच घाला. रोज पाठीशी घ्यायच्या उशीवर ते टिकत नाहीत.

एका साडीत किती अभ्रे होतील, हा हमखास प्रश्न. साडी साडेपाच मीटर, पन्हा 45 इंच धरू. 16 इंची अभ्र्याला शिलाईची माया, म्हणजे कडेला सोडायचं जादा कापड, धरून 17 इंचांचा चौकोन लागतो. पन्ह्यात दोन, लांबीत बारा, म्हणजे कागदावर 24 तुकडे. मागची बाजू आम्ही साध्या सुती कापडाची करतो, त्यामुळे साडी फक्त दर्शनी बाजूला लागते. तरीही टाचेशी घासलेला खालचा काठ, कमरेशी खोचलेलं टोक, डाग, रफू हे सगळं वजा होतं. निम्मे तुकडे हाती लागले तरी आम्ही खूश असतो. नऊवारीत कापड जास्त, पण काष्ट्याचा भाग बहुतेकदा विरलेला असतो.

फॉल घरी उसवू नका, घाईत काठालाच कात्री लागते. फॉलखाली झाकलेल्या पट्टीचा रंग बघाल तर साडी नवीकोरी असताना कशी होती ते कळेल. हातमागाच्या पैठणीची नक्षी दोन्ही बाजूंनी सारखी दिसते, त्यामुळे वरची बाजू विटली असेल तर आम्ही काठ सरळ उलटा करून वापरतो.

जरीच्या कापलेल्या कडेला तार सुटते, म्हणून कात्री लावण्याआधी खुणेच्या आतून एक शिलाई मारून घेतो. रेशमाला 11 नंबरची सुई. टाचण्या फक्त मायेत, कारण रेशमावर पडलेलं भोक बुजत नाही. अस्तराचं सुती कापड रात्रभर भिजवून, वाळवून मगच बेततो. सुरुवातीला एकदा हे टाळलं होतं. पहिल्याच धुण्यात अस्तर आटलं, वरचं कापड तसंच राहिलं आणि अख्खा अभ्रा चुण्याचुण्यांचा झाला. तो आम्ही पुन्हा शिवून दिला.

जरीचे आणि रेशमी अभ्रे ड्रायक्लीनलाच द्या. सुती असतील तर रंग जातो का ते आधी ओल्या पांढऱ्या फडक्याने कोपऱ्यावर घासून बघा, मग थंड पाण्यात हाताने धुवा आणि सावलीत वाळवा.

बेतल्यावर कोणता तुकडा कुठे येणार ते आम्ही साडीवर खडूने आखून दाखवतो. तुम्ही हो म्हटल्याशिवाय कात्री लागत नाही. त्या दिवशी, साडीवर आपलाही हक्क आहे असं घरात ज्यांना ज्यांना वाटतं, त्यांना बरोबर घेऊन या. बहिणीला नंतर कळलं, असं आमच्या दुकानात दोनदा झालंय.