गेमिंग लॅपटॉप घ्यायचाय? आधी हे वाचा, मग नागपुरात बर्डीला आमच्या दुकानात या

"भाऊ, लॅपटॉप तर मस्त आहे, पण गेम अटकून राहिला. एखादं ग्राफिक्स कार्ड टाकून देता का?" हे विचारणारे इतके वाढले, की शेवटी हे पत्रक छापून घेतलं. उत्तर सरळ आहे: टाकता येत नाही. रॅम, म्हणजे काम चालू असताना लागणारी मेमरी, बहुतेक गेमिंग लॅपटॉपमध्ये वाढवता येते, एसएसडी, म्हणजे साठवणीची डिस्क, बदलता येते. गेमचं चित्र काढणारी ग्राफिक्स चिप (तिलाच कार्ड म्हणतात) मात्र जवळपास सगळ्याच लॅपटॉपमध्ये मदरबोर्डवर सोल्डर केलेली असते. घेताना जी आली, तीच शेवटपर्यंत. म्हणून बजेट कमी असेल तर आज 8 जीबी रॅमवर भागवा, पण ग्राफिक्सवर कंजूषी करू नका. रॅम दिवाळीनंतरही टाकता येईल.

लोक फसतात ते स्टिकर पाहून. इंटेल प्रोसेसरचं 'आय सेव्हन' दिसलं की खूश. पण प्रोसेसरच्या नंबरच्या शेवटी 'यू' असेल तर तो बॅटरी वाचवणारा प्रोसेसर, ऑफिसच्या कामाचा. गेमसाठी 'एच' किंवा 'एचएस'वाला आय फाइव्ह नाहीतर एएमडीचा रायझन फाइव्ह बघा. रायझनमध्ये आणखी एक मेख आहे. 7520यू हा नंबर नवा वाटतो, पण त्यातला तिसरा आकडा 2 म्हणजे आत झेन 2, 2019 सालची रचना. गेमिंगसाठी तो कुणी मागितला तरी आम्ही देत नाही.

आता कार्डाचं. नुसतं 'आरटीएक्स 4050' वाचून थांबू नका. लॅपटॉपमध्ये हीच चिप कंपनी ठरवेल त्याप्रमाणे 35 वॅटपासून 115 वॅटपर्यंत कितीवरही चालवलेली असते. नाव एकच, वेगात बराच फरक. वॅट कुठे लिहिलेले दिसत नसतील तर चार्जर उलटा करून बारीक अक्षरं वाचा. आउटपुटचे व्होल्ट गुणिले अँपिअर: 20 गुणिले 3.25 म्हणजे 65 वॅट. एवढ्याशा चार्जरवर गेमिंग कार्ड पोटभर चालत नाही. 20 गुणिले 9 म्हणजे 180, मग पुढचं बोलू. आणि गेम चार्जर लावूनच खेळायचा. बॅटरीवर कोणताही गेमिंग लॅपटॉप हात आखडता घेतो.

ऑनलाइन सेलचा स्क्रीनशॉट दाखवून "यात द्या" म्हणणाऱ्यांनाही हेच सांगणं आहे. मॉडेलचं नाव तेच असतं, शेवटची दोन-चार अक्षरं वेगळी, आणि त्या अक्षरांत कमी वॅटचं कार्ड, 60 हर्ट्‌झचा, म्हणजे सेकंदाला 60 वेळाच चित्र बदलणारा स्क्रीन किंवा रॅमची एकच पट्टी लपलेली असते. पूर्ण मॉडेल नंबर आणा, शेजारी ठेवून तुलना करून देतो. तोच माल खरोखर स्वस्त असेल तर तिकडूनच घ्या म्हणून सांगू.

कोणता गेम, हे विचारल्याशिवाय आम्ही व्हॉट्सॲपवर भाव सांगत नाही. काहींना त्याचा राग येतो. पण व्हॅलोरंट खेळणाऱ्याला महागडं कार्ड विकून आम्हाला काय करायचं? त्याला रेडिऑन 660एमसारखं प्रोसेसरमधलंच ग्राफिक्स पुरतं, फक्त रॅम 8 अधिक 8 अशा दोन पट्ट्यांची हवी. या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते रॅममधूनच उसनी घेतं. एकाच पट्टीवर त्याचा वेग चांगलाच पडतो. वॉरझोनसारखे जड गेम असतील तर वेगळं कार्ड हवंच, 6 जीबी मेमरीचं, आणि एसएसडी 512 जीबीच्या खाली नको. बीजीएमआय मोबाईलचा गेम आहे, त्याच्यासाठी लॅपटॉप घेऊच नका.

गेम अडकतो, लॅग होतो म्हणून लॅपटॉप दुरुस्तीला आणण्याआधी एक बघा. व्हॅलोरंटच्या व्हिडिओ सेटिंगमध्ये 'स्टॅट्स'मधून एफपीएस (सेकंदाला किती चित्रं दिसतात) आणि नेटवर्क आरटीटी (गेमच्या सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ) चालू करा. एफपीएस पडत असेल तर लॅपटॉप आमच्याकडे आणा. एफपीएस ठीक आणि आरटीटी उड्या मारत असेल तर दोष नेटचा. राउटरपासून लॅन केबल ओढा, तेवढ्यानेच बऱ्याच जणांचं काम होतं.

राहता राहिला आपला उन्हाळा. मे महिन्यात पारा 45च्या घरात गेला, की तापलेली चिप स्वतःच वेग कमी करते. बिघाड नाही तो. गादीवर ठेवून खेळू नका, खालच्या जाळीतून हवा आत जाते. कूलरच्या थेट झोतातही ठेवू नका, त्या हवेत ओल असते. मार्च संपायच्या आत फॅन साफ करून चिपवरची उष्णता बाहेर नेणारी पेस्ट बदलून घ्या. आमच्याकडून घेतलेल्या लॅपटॉपची पहिली सफाई फुकट.

नवा लॅपटॉप आम्ही तुमच्यासमोर उघडून, चार्जर लावून अर्धा तास गेम चालवून मगच देतो. त्यामुळे शनिवार-रविवारच्या गर्दीपेक्षा मधल्या वारी दुपारी या. आणि आईवडिलांनो, "मुलाने गेमिंगचा सांगितला" एवढ्यावर भाव निघत नाही. मुलाला सोबत आणा, नाहीतर त्याच्याकडून गेमची नावं चिठ्ठीवर लिहून आणा.